क्वार्टर विकणे नाही

फॅक्टरी इस्टेट, जबलपूर
संक्रांतीनंतरचा रविवार, दुपार

ती. सौ. भानुमतीताईस,

मुरलीधरचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे प्रत्यक्षात अर्धाच घालता येतो, उरलेला पत्रातून घालतो आहे). बाबारावभाऊजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं, आता त्यांना तू पुन्हा पहिल्यासारखी स्वच्छ दिसू लागली असशील. त्यावर त्यांचं काय म्हणणं पडलं ते मात्र अवश्य कळव. इकडे आम्ही दोघं ठीक. संक्रांतीच्या लाडवांनी नंदाचा घसा बसला आहे आणि घरात कधी नव्हे ती शांतता आहे, म्हणून तर पत्र लिहायला सुचलं. तू म्हणशील, हातात फोन असताना हा पत्र काहून लिहून राहिला? तर ताई, फोनवर तू मला बोलू देत नाहीस. पत्रात माणसाला आपलं वाक्य पुरं करता येतं.

तुझा निरोप मिळाला. तुमच्या वरच्या मजल्यावरचा फ्लॅट रिकामा होतो आहे, मालक तुझ्या शब्दाखातर तो आमच्यासाठी अडवून बसला आहे, आणि फेब्रुवारीअखेर मी रिटायर झालो की आम्ही सामानसुमान घेऊन नागपूरला यावं आणि तुमच्या डोक्यावर नांदावं, असं तू ठरवलं आहेस. त्याबद्दल खाली सविस्तर लिहितोच. आधी इकडची हकीकत सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं नीट समजणार नाही.

आमचं घर तू पाहिलंच आहेस. लग्न झाल्यापासून आम्ही इस्टेटीतल्या क्वार्टरांत, तीनदा बदललेल्या पण एकाच साच्यातल्या. सरकारचं घर वाईट नसतं, गळलं तर तक्रार करता येते, पण ते आपलं नसतं. भिंतीत खिळा मारायचा झाला तर नंदा आधी माझ्याकडे बघायची आणि मी इस्टेट ऑफिसच्या दिशेला. आईचा झोपाळा तुझ्याकडे राहिला तोही त्याचमुळे. इथे छताला कड्या नाहीत आणि सरकारी छताला भोक पाडायची माझी छाती नाही. नंदा त्यावर कधी काही बोलली नाही. फक्त कुणाच्याही घरी गेलो की ती आधी छताकडे बघते. तर आता हे क्वार्टर सुटणार, आणि आयुष्यात पहिल्यांदा आम्ही आपलं म्हणून एक घर घेणार. नंदाला ते जबलपुरातच हवं आहे. तिची भिशी, तिचं भजन, तिची माणसं सगळी इथली. हे तिनं एकदाच सांगितलं आणि पुन्हा सांगितलं नाही. तिचा स्वभाव तुला ठाऊक आहे. जे ती दहादा बोलते त्याकडे कानाडोळा केला तरी चालतो, जे एकदाच बोलते त्याकडे केलेला चालत नाही. (याचा आणि तुमच्या वरच्या मजल्याचा संबंध लावू नकोस, त्याबद्दल खाली लिहितोच.)

घर शोधायचं म्हटल्यावर आमच्या आल्हादनं बंगलोरहून सूत्रं हातात घेतली. त्यानं माझ्या फोनवर घरं दाखवणारी साइट बसवली आणि तिकडूनच सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा करून दिल्या: लिफ्ट हवी, पार्किंग हवं, जिम हवं, पोहायचा तलाव हवा. "बाबा, तुम्ही सिर्फ देखते रहो, मी सब सेट केला," असं तो म्हणाला. (त्याचं मराठी असंच आहे. समजतं सगळं, बोलताना मधेच हिंदीचं इटारसी लागतं.) मी म्हटलं, बाबा रे, आपल्याकडे एक स्कूटर आहे आणि ती पेरूखाली उभी असते. तो म्हणाला, रिसेल व्हॅल्यू. अजून घेतलं नाही ते घर विकायची चिंता मला सुचली नव्हती, त्याला सुचली.

आता माझी नोकरी तुला माहीत आहे. सगळी हयात इन्स्पेक्शनमध्ये गेली. एका हातात ड्रॉइंग, दुसऱ्या हातात पार्ट. जुळला तर पास, नाही जुळला तर लाल ठिपका लावून परत. नंदा म्हणते, लग्नानंतरच्या पहिल्या पोळीकडे मी ज्या नजरेनं पाहिलं होतं त्यातला लाल ठिपका तिला अजून दिसतो. असा माणूस घरं बघायला निघाल्यावर काय होणार? पहिल्या फ्लॅटच्या फोटोत हॉल एवढा मोठा होता की त्यात इस्टेटीची क्रिकेटची मॅच झाली असती, आणि हॉलच्या खिडकीतून समुद्र दिसत होता. जबलपुरात. आमचे ब्रोकर तिवारीजी म्हणाले, भाई साहब, फोटो सांकेतिक है. प्रत्यक्षात दार उघडायचं तर सोफ्यावरच्या माणसाला उठावं लागत होतं, म्हणजे सोफा असता तर. दुसऱ्या घराला तलावाचा देखावा होता. इथल्या निम्म्या मोहल्ल्यांच्या नावात ताल आहे, तेव्हा मी बाल्कनीत उभा राहून ताल कुठे आहे ते विचारलं. तिवारीजींनी समोरच्या चार मजली इमारतीकडे हात केला आणि म्हणाले, इसी के नीचे.

तिसरं घर साइटवर शहराला अगदी लागून होतं. नकाशावरचा ठिपका घमापुराजवळ पडलेला. तिवारीजींची गाडी घमापूर मागे टाकून जी निघाली ती थांबेचना. नंदानं पर्समधली बडीशेप काढली, मग पर्समधली शाल काढली, मग शेवटी हळूच विचारलं की आपण नागपूरलाच तर चाललो नाही ना. (तेव्हाही मला तुझी आठवण झाली, हे तुला सांगून ठेवतो.) घर निघालं शहपुऱ्याच्या अलीकडे, मटारच्या शेताला लागून. तिवारीजींचं म्हणणं असं की शहर इकडेच सरकत येतं आहे. मी म्हटलं, मग ते पोचल्यावर कळवा. नंदा मात्र रिकाम्या हातानं परतली नाही, शेतावरून ताज्या मटारचं पोतं घेऊन आली आणि गाडीभर म्हणत राहिली की आज निदान एक वस्तू जाहिरातीपेक्षा चांगली मिळाली.

चौथ्या घराची गंमत ऐक. व्हरांडा, दोन खोल्या, फोटो अगदी खरे. आम्ही फाटकाशी पोचलो तर आतून एक गृहस्थ आले आणि त्यांनीच विचारलं, साइट से आए हैं? आइए, बैठिए. शर्माजी त्यांचं नाव. ते घर त्यांनीच चार वर्षांपूर्वी विकत घेतलं होतं. साइटवरची जाहिरात काढायचं काम आधीच्या मालकाचं, आणि आधीचा मालक कॅनडात. तेव्हापासून दर रविवारी कुणी ना कुणी घर बघायला येतंच. शर्माजींनी त्यासाठी व्हरांड्यात दोन जादा खुर्च्या ठेवल्या आहेत. त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्नही असंच घर बघायला आलेल्या मंडळींत जमलं. त्यांच्या बायकोनं आम्हाला चहा दिला, खोव्याची जिलबी दिली, आणि आमचा आल्हाद काय करतो ते दोनदा विचारलं. निघताना शर्माजी म्हणाले की घर मिळो न मिळो, येत जा. ताई, त्या दिवशी नंदा स्कूटरवर मागे बसून पदरानं डोळे पुसत घरी आली. उतरताना एवढंच म्हणाली की चांगली घरं सगळी लोकांना आधीच मिळालेली असतात काय हो. मला फार वाईट वाटलं. जी बाई शहपुऱ्याहून हसत आली तिला इथे का रडू यावं ते मला तेव्हा उमगलं नाही, घरी येऊन व्हरांड्यात बसल्यावर उमगलं. शर्माजींच्या हॉलच्या छताला कड्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी कंबर कसली. माझ्या लक्षात आलं की गफलत मुळातच आहे. आमच्याकडे आधी ड्रॉइंग असतं, मग पार्ट येतो. इथे कुणी ड्रॉइंग मागतच नाही. ज्याला घर घ्यायचं त्याला साइट चार गोष्टी विचारते: खोल्या किती, चौरस फूट किती, बजेट किती, एरिया कुठला. सकाळचं ऊन कुठे पडतं, नळाला पाणी कितीला येतं, वरच्या मजल्यावर कुणी रात्री पाटा-वरवंटा तर करत नाही, हे लिहायला जागाच नाही. मी साइटभर हिंडलो. हिंडता हिंडता एका ठिकाणी मोठा थोरला रिकामा चौकोन सापडला आणि वर लिहिलं होतं, आपल्या घराचं वर्णन करा. मला भरून आलं. म्हटलं, अखेर यांना विचारायचं सुचलं.

नंदा समोर बसून मटार सोलत होती. मी लिहायला घेतलं (मूळ हिंदीत आहे, तुझ्यासाठी मराठीत देतो): स्वैपाकघरात सकाळचं ऊन यावं आणि अकरा वाजता निघून जावं. व्हरांडा असा हवा की चप्पल काढता काढता दोन गोष्टी बोलता याव्यात. शेजारी हाक मारली तर ऐकू यावी, कुजबूज ऐकू येऊ नये. अंगणात फळाचं एक झाड, आपल्याला खाऊन गल्लीत वाटता येईल एवढं फळणारं. हॉलच्या छताला दोन मजबूत कड्या. जेवायला बसल्यावर समोर संडासाचं दार नको. भिंती अशा की खिळा आपला आपण मारावा. आणि एक खोली जास्तीची. ही जास्तीची खोली नंदाची. मी म्हटलं, कुणासाठी? आल्हाद वर्षातून चार दिवस येतो, ते चारही दिवस हॉलमध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन झोपतो. खोली वाढली की किंमत वाढते. तर ती मटारवरची नजर न काढता म्हणाली, लिहा. मी लिहिलं.

मग साइटनं फोटो मागितले. आता हे बघ, फॅक्टरीत बाहेरून माल मागवायचा झाला की ड्रॉइंगबरोबर आम्ही एक सॅम्पल पीस पाठवतो, म्हणजे समोरच्याला नीट कळतं. मी तेच केलं. आपल्या क्वार्टरचे फोटो काढले, पेरूचा, व्हरांड्याचा, मटार सोलणाऱ्या नंदाचा (ती दिसू नये म्हणून पदर ओढून बसली, त्यामुळे फोटो फार खानदानी आला), आणि सगळे सॅम्पल म्हणून चढवून दिले. साइटनं लगेच अभिनंदन केलं. कशाबद्दल ते मी विचारलं नाही. सरकारी नोकरीत अभिनंदन इतकं क्वचित होतं की झालं तर घेऊन टाकायची सवय असते.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोनवर फोन. पहिला फोन एका बँकेतल्या बाईंचा, नुकत्याच अकोल्याहून बदलून आलेल्या. त्या म्हणाल्या, आम्हाला अगदी असंच घर हवं आहे. मी म्हटलं, आम्हालाही. त्या म्हणाल्या, मग कधी दाखवता? मी म्हटलं, तुम्ही कधी दाखवता? असं आमचं बराच वेळ चाललं आणि दोघांनीही एकमेकांना फार सभ्य समजून फोन ठेवला. मग एका फौजी सुभेदारांचा, मग कॉलेजातल्या एका मास्तरांचा, मग एका नवऱ्या मुलाचा, ज्याची होणारी बायको फोनवर मागून ओरडत होती की ऊन अकराला नक्की जातं का ते विचार. ताई, कुणीही चौरस फूट विचारले नाहीत. जिम तर एकानंही विचारलं नाही. मी चक्रावून गेलो. एवढी सगळी माणसं आम्हाला घर द्यायला का धडपडत आहेत, ते कळेना.

कळलं ते दुपारी. मी ड्यूटीवर असताना ते सुभेदार सहकुटुंब क्वार्टरवर आले, नंदानं कुणी ओळखीचे असतील म्हणून आत घेतलं, आणि सुभेदारीणबाईंनी टेप काढून ओटा मोजायला सुरुवात केली. नंदानं विचारलं, काय करून राहिल्या? त्या म्हणाल्या, हमारा फ्रिज बड़ा है. तोवर शेजारच्या क्वार्टरमध्ये सगळं ऐकू गेलं (कुजबूज ऐकू येऊ नये, असं मी उगाच नाही लिहिलं), आणि चहाच्या सुट्टीपर्यंत सबंध इन्स्पेक्शन सेक्शनमध्ये बातमी की मुरलीधरबाबू जाता जाता सरकारी क्वार्टर विकून चालले.

मला इस्टेटीच्या साहेबांचं बोलावणं आलं. रिटायर व्हायला दीड महिना उरलेला आणि क्वार्टर विकल्याचा आळ. साहेबांनी फोनवर ती जाहिरात उघडून माझ्यासमोर ठेवली. तिथे मालक म्हणून माझं नाव, मालमत्ता म्हणून भारत सरकारची भिंत, आणि खाली पदर ओढलेली नंदा. मी ड्रॉइंग आणि सॅम्पल पीसचा सगळा खुलासा केला. साहेब ऐकत होते, पण वाचतही होते. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला, ती जाहिरात आजच्या आज काढून टाका असं सांगितलं, आणि मग आवाज उतरवून विचारलं, "ऐसा मकान कहीं मिले तो मुझे भी बताइएगा. दो साल में मेरा भी नंबर है."

जाहिरात काढायला बसलो तर साइट कारण विचारते. घर विकलं गेलं, किंवा किंमत बदलायची आहे, एवढी दोनच कारणं. घर माझं नव्हतं, असं तिसरं कारण नाही. मी इन्स्पेक्शनचा माणूस, खोट्यावर खूण कशी करू? त्या विचारात असताना शेवटचा फोन आला. पलीकडे एक वयस्क बाई, आवाज शाळेतला. आधी हिंदीत कडाडल्या, मग माझं नाव ऐकून मराठीवर आल्या. त्या म्हणाल्या,

"मुरलीधरजी, माझं घर तुम्ही काहून विकून राहिले?"

मी म्हटलं, बाई, हे सरकारचं घर आहे. त्या म्हणाल्या, फोटो सरकारचा असेल, घर माझं आहे. ऊन अकराला जातं, कड्या दोन आहेत, आमची बिही (म्हणजे पेरू, ताई) सगळी गल्ली खाते, आणि हे सगळं तुम्हाला कुणी सांगितलं ते आधी सांगा. ताई, मी त्यांना कसं पटवलं ते माझं मलाच आठवत नाही. शेवटी नंदानं माझ्या हातातून फोन घेतला आणि बसलेल्या घशानं विचारलं की आम्ही येऊन बघू का.

क्षमाबाई त्यांचं नाव. रेल्वेच्या शाळेत शिकवायच्या. घर घमापुरात, बाजारामागच्या गल्लीत, जिथे गाडी शिरत नाही आणि सायकलवाल्यालाही घंटी वाजवून जावं लागतं. यजमान रेल्वेत होते. त्यांचाही जन्म क्वार्टरांत गेला, आणि क्वार्टरांत बसून जे जे नाही म्हणून ते कुढले ते सगळं त्यांनी या घरात घातलं. आता यजमान नाहीत, मुलगी रायपूरला बोलावते आहे. मुलीनंच घर साइटवर टाकलं होतं: दोन बेडरूम, जुनं बांधकाम, पार्किंग नाही. एवढंच. वर्षभर कुणी फिरकलं नाही, आणि जे फिरकले ते पाडून दुकानं काढू म्हणाले. क्षमाबाई रोज साइट उघडून आपलं घर बघायच्या, तशा त्या दिवशी माझ्या चौकोनापर्यंत पोचल्या. आणि आम्हाला ते घर इतके दिवस का दिसलं नाही, सांग? आल्हादनं पार्किंगवर खूण केली होती. जी मोटार आमच्याकडे नाही तिच्या सोयीसाठी आम्ही हे घर महिनोन्महिने नाकारत होतो.

आम्ही तिळगूळ घेऊन गेलो होतो. क्षमाबाईंनी तो तोंडात टाकला आणि म्हणाल्या की फोनवर जे बोलले ते आता विसरा. नंदा हॉलमध्ये शिरली आणि तिनं सवयीनं वर पाहिलं. मग सरळ स्वैपाकघरात गेली. साडेदहाचा सुमार, ओट्यावर ऊन होतं. मी इकडे कामाला लागलो. भिंती वाजवून पाहिल्या, उत्तरेची एक ओल धरते. जिन्याची तिसरी पायरी बाकीच्यांपेक्षा उंच. न्हाणीघराचं दार फुगलेलं. गटाराचं झाकण तडकलेलं. मी एक एक दोष मोठ्यानं सांगत स्वैपाकघरापर्यंत आलो तर नंदा ओट्याला टेकून उन्हात उभी होती आणि क्षमाबाई तिला उन्हाळ्यात कुठला पडदा लावायचा ते सांगत होत्या, जणू व्यवहार कधीच होऊन गेला. मी ओलीचं पुन्हा सांगितलं. नंदा म्हणाली, "जन्मभर रिजेक्ट करून राहिले. आज एक पास करा."

फॅक्टरीत एक सोय असते ताई. पार्ट ड्रॉइंगपेक्षा थोडा वेगळा असला पण काम चोख करणार असेल, तर वरिष्ठाची सही घेऊन तो आहे तसा स्वीकारता येतो. मी वरिष्ठाकडे पाहिलं आणि पास केलं. बयाणा दिला आहे, होळीनंतर क्षमाबाई रायपूरला जातील आणि रजिस्ट्री होईल, तोवर क्वार्टर ठेवायची परवानगी साहेबांनी आनंदानं दिली (पेरूची एक फांदी वाकवून बघत होते, तेव्हाच सही केली). त्या अकोल्याच्या बँकवाल्या बाईंनाही क्षमाबाईंच्या गल्लीतलंच दुसरं एक घर दाखवलं, ते त्यांच्या मनात भरलं आहे. सुभेदारांचं अजून अडलं आहे, त्यांचा फ्रिज खरोखरच मोठा आहे. आणि साइटवरची जाहिरात मी अखेर काढली. कारण विचारलं तेव्हा ‘घर विकलं गेलं’ यावर खूण केली. आता ते खोटं राहिलं नव्हतं.

आल्हादला कळवलं. त्यानं पहिला प्रश्न पार्किंगचा केला, दुसरा रिसेलचा, आणि तिसरा प्रश्न असा की बाबा, ती कड्या म्हणजे हुक ना, झूल्यावाले? मग म्हणाला, दिवाळीत येतो. चार नाही, आठ दिवस. मुलगा सुधारतो आहे.

भाऊजींना नमस्कार. डोळ्यात औषध घालताना त्यांनी कुरकुर केली तर माझं नाव सांग. थंडी जपा.

तुझा धाकटा,
मुरलीधर

ता. क. तुमच्या वरच्या मजल्याबद्दल सविस्तर लिहितो म्हटलं होतं. तर आम्ही येत नाही. मालकाला तसं सांग आणि त्याचे आभार मान. हे वरती लिहायचं म्हणून मी दोनदा पेन उचललं, पण तू रागावलीस की कपाळावर आठी घालून वाचायचं थांबवतेस, आणि मग क्षमाबाईंपर्यंत पोचली नसतीस. रागव, पण पूर्ण वाचल्यावर.

ता. क. २. खरं काम राहिलंच. आईचा झोपाळा पाठव. पाट, चारही साखळ्या आणि त्यांच्या पितळी मोरांसकट. पाटावर तू पापड वाळवतेस आणि साखळ्यांना भाऊजींचे पायजमे असतात हे मला माहीत आहे, तरी पाठव. ट्रान्सपोर्टनं नको, साखळ्या हरवतात. तू स्वतः घेऊन ये.

ता. क. ३. ताई, मी नंदा. हे पाकीट चिकटवायला गोंद शोधायला गेले आहेत तोवर लिहिते. त्या चौकोनात यांनी आधी एवढंच लिहिलं होतं की वायुवीजन उत्तम असावं व दोष नसावेत. बाकीचं सगळं मी मटार सोलता सोलता सांगितलं आणि हे टाइप करत गेले. जास्तीची खोली कुणासाठी, ते यांनी विचारलं, मी सांगितलं नाही, कारण किंमत वाढते म्हणून यांनी खोडलं असतं. ती तुमची आहे. वरच्या मजल्यावर आम्ही आलो असतो तर तुम्ही रोज दहा मिनिटं वर आला असता. इथे या, महिनाभर राहा. खिडकी गल्लीकडे आहे, तुम्हाला बसल्या जागी सगळं दिसेल. भिंतीत मी आधीच एक खिळा मारून आले आहे, तुमच्या पिशवीसाठी. कुणाला विचारलं नाही.